गोठ्याभोवती मेलेले उंदीर आणि चिचुंदऱ्या सापडत आहेत : कारण कसे ओळखावे?

भोगावतीकाठ

नमस्कार. आमची वस्ती करवीर तालुक्यात, भोगावती नदीपासून थोडी आत, उसाच्या रानात आहे. गोठ्यात सहा म्हशी, दोन रेड्या आणि एक गाय आहे. गोठ्याला लागूनच वैरणीची खोली, तिच्यावर लाकडी माळा, मागच्या बाजूला शेणींचा हुडवा (रचलेला ढीग) आणि त्याच्या पलीकडे मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या, अशी मांडणी आहे.

गेल्या ९ दिवसांत मला या परिसरात ११ मेलेले लहान प्राणी सापडले. दुसऱ्या दिवसापासून मी वहीत नोंद ठेवली आहे. त्यात सहा उंदीर, तीन चिचुंदऱ्या, एक चिमणी आणि एक सरडा आहे. एखादा उंदीर अधूनमधून मेलेला दिसणे गोठ्याला नवीन नाही, परंतु इतक्या थोड्या दिवसांत इतके प्राणी मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते आणि त्यामुळे मनाला चैन पडत नाही.

पहिला उंदीर पहाटे धारेच्या वेळी दिसला. गव्हाणीच्या कोपऱ्यात, म्हशींनी खाऊन टाकलेल्या वाड्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) चोथ्यावर तो पोटावर पडला होता. पुढचे पाय अंगाखाली दुमडलेले होते आणि शेपूट सरळ ताणलेली होती. काडीने उलटा केला तेव्हा अंगावर कोठेही दाताची खूण नव्हती; केवळ एका नाकपुडीपाशी मोहरीएवढा रक्ताचा थेंब सुकलेला होता. नंतरचे तीन उंदीर साधारण याच स्थितीत मिळाले. उरलेल्या दोहोंपैकी एकाचे डोके नव्हते आणि एक पाण्याच्या हौदात फुगलेला होता. चिमणीही त्याच हौदात सापडली. तिन्ही चिचुंदऱ्या मात्र अंगणात, स्वयंपाकघराच्या पायरीजवळ होत्या.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. परवा दुपारी बारा वाजता, उन्हात, एक उंदीर शेणींच्या हुडव्यापाशी बसून राहिलेला मी पाहिला. मी दोन हातांवर गेलो तरी तो पळाला नाही. हळूहळू सरकत भिंतीकडे गेला आणि तेथेच थांबला. संध्याकाळी तो त्याच जागी मेलेला होता.

आजूबाजूच्या तीन रानांतील ऊस याच महिन्यात तुटून गेला आहे. घरात लहान मुले आहेत, दोन म्हशी गाभण आहेत आणि दूध रोज संस्थेला जाते. हा रोग आहे, विष आहे की केवळ मांजराचे काम आहे, हे कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

परड्यातली

दादा, पायरीजवळच्या तिन्ही चिचुंदऱ्या मांजराच्या आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मांजर चिचुंदरी मारते, पण तिच्या अंगाच्या कुबट, उग्र वासामुळे सहसा खात नाही आणि दाराशी आणून टाकते. आमच्या परड्यात हे वर्षभर चालू असते. मानेच्या मागे किंवा पाठीवर केस ओले होऊन चिकटलेले असतील आणि बोटाने नव्हे, काडीने ते बाजूला केल्यावर दोन बारीक भोके दिसतील, तर ते सुळ्यांचे आहेत असे समजावे.

चिचुंदरी हा उंदराचा प्रकार नाही, हेही येथे नोंदवून ठेवते. ती किडे, झुरळे, गांडुळे खाते. आमच्याकडे वैरणीच्या खोलीत चिचुंदरी फिरली तर आम्ही तिला हाकलत नाही. तिचा जीव फार लवकर जळतो. फार वेळ पोटात अन्न गेले नाही तर ती मरू शकते. त्यामुळे न जखमी झालेली चिचुंदरी मेलेली मिळाली, तर प्रत्येक वेळी विषच असेल असे नाही. बादलीत किंवा पिंपात अडकली आणि रात्रभर बाहेर पडता आले नाही, एवढ्यानेही ती संपते.

भोगावतीकाठ

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे शेवटची चिचुंदरी पुरण्याआधी पाहिली. मानेवर दोन भोके आहेत. म्हणजे अंगणातील प्रश्न बहुतांशी सुटला. आता गोठ्यातील चार उंदीर उरतात.

निवृत्त पशुवैद्य

मी पशुसंवर्धन विभागातून निवृत्त झालो असून नोकरीची अनेक वर्षे या जिल्ह्यात काढली आहेत. धागाकर्त्यांनी नोंद ठेवली, हे उत्तम केले. मेलेला प्राणी हा पुरावा असतो आणि बहुतेक लोक तो पुरावा न पाहता उकिरड्यावर फेकतात.

प्रथम ऊसतोडीबद्दल. उसाच्या रानात घुशी आणि शेतउंदरांची मोठी वस्ती असते. बांधात बिळे, वर पाल्याचे छत आणि खायला गोड कांडे, अशी सर्व सोय तेथे असते. तोड झाली, पाचट पेटवले किंवा कुट्टी करून पसरले की ते छत एका दिवसात नाहीसे होते आणि सर्व उंदीर जवळच्या आडोशाकडे धावतात. तो आडोसा म्हणजे आपला गोठा. गाळप हंगामात वस्तीवर उंदीर वाढल्याचे शेतकरी दरवर्षी सांगतात, त्याचे कारण हेच. आलेला उंदीर थकलेला, भाजलेला किंवा परक्या जागेत भांडून जखमी झालेला असतो आणि काही त्यातच मरतात. परंतु अशा उंदराच्या अंगावर जखम किंवा जळाल्याची खूण दिसते.

आपण वर्णन केलेले उंदीर तसे नाहीत. जखम नाही, नाकाशी रक्त आहे आणि एक उंदीर भर दुपारी उघड्यावर मंद होऊन बसलेला होता. निरोगी उंदीर असे करत नाही. ही लक्षणे रक्त न गोठू देणाऱ्या विषाशी जुळतात. बाजारात ०.००५ टक्के ब्रोमाडिओलोनच्या मेणात बसवलेल्या रंगीत वड्या मिळतात. के जीवनसत्त्वाच्या आधाराने यकृतात रक्त गोठवणारे घटक तयार होतात, तो मार्ग हे विष बंद पाडते. शरीरातील आधीचे घटक संपेपर्यंत उंदीर हिंडत-फिरत राहतो आणि साधारण ३ ते ७ दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. म्हणूनच तो वडीपासून दूर मरतो आणि घरातील माणसांना वडीचा आणि मेलेल्या उंदराचा संबंध लागत नाही.

दुसरे प्रचलित विष झिंक फॉस्फाइडची काळी पूड. तिचे काम वेगळे आहे. पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत, फार तर एका दिवसात मरतो. पुष्कळदा आमिषाच्या किंवा पाण्याच्या आसपासच. या पुडीला कुजक्या लसणासारखा वास असतो, परंतु तो हुंगून खात्री करण्याचा मोह कोणीही करू नये, कारण तो वायूच घातक आहे. ब्रोमाडिओलोनवर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे आणि तो पशुवैद्य किंवा डॉक्टर देतात. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. जनावराने किंवा मुलाने यांपैकी काहीही तोंडात घातल्याचा संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता पाकीट सोबत घेऊन निघावे.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे धागाकर्त्यांचे लक्ष मी कळकळीने वेधू इच्छितो. एका विषारी उंदरामुळे म्हशीला त्या विषाची बाधा होईल, ही भीती फारशी खरी नाही. तेवढे विष त्याच्या अंगात नसते. खरी भीती वैरणीत दडून राहिलेल्या मेलेल्या जनावराची आहे, मग ते विषाने मेलेले असो, मांजराने मारलेले असो वा दाबले गेलेले असो. कुजणाऱ्या शरीरात, हवा नसलेल्या जागी, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू वाढतो आणि अत्यंत तीव्र विष तयार करतो. मुरघासाची पिशवी ही त्याला सोयीची जागा आहे. ते विष आजूबाजूच्या चाऱ्यात झिरपते आणि असा चारा खाणारी जनावरे काही दिवसांत मागच्या पायांनी लटपटू लागतात. ताप नसतो. लाळ गळते, गिळता येत नाही, जीभ ओढून बाहेर काढली तर ती आत घेता येत नाही आणि जनावर बसते ते उठत नाही. एकाच गव्हाणीवरची दोन-तीन जनावरे एकदम अशी झाली, तर प्रथम चारा बंद करावा आणि मग डॉक्टरांना बोलवावे. या आजारात उपचारांना फारसे यश येत नाही, म्हणून सर्व भर चारा तपासण्यावर हवा.

आपण कृपया आजच तीन गोष्टी पाहाव्यात. मुरघासाच्या पिशव्यांना कुरतडल्याची भोके आहेत का, माळ्यावर रंगीत वडीचे तुकडे किंवा पाकीट आहे का आणि वस्तीवर इतर कोणी औषध टाकले आहे का.

शिरोळचे पाणी

डॉक्टरांनी जे लिहिले, त्याचा थोडा वेगळा प्रकार मी स्वतः पाहिला आहे, म्हणून लिहितो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचा गोठा छपरापर्यंत पाण्यात होता. जनावरे आधीच हलवली होती. पाणी उतरल्यावर गोठ्यात उंदीर, घुशी, बेडूक, एक धामण आणि कोंबड्या असे कितीतरी प्राणी गाळात रुतलेले मिळाले. ते आम्ही काढले, परंतु कडब्याच्या गंजीचा वरचा, पाणी न लागलेला भाग चांगला आहे असे समजून तो ठेवला. पूर आला तेव्हा जीव वाचवण्यासाठी सगळे उंदीर त्या वरच्या भागातच चढलेले होते, हे आमच्या लक्षात आले नाही. आठवड्याने कडबाकुट्टी यंत्रावर पेंढ्या टाकताना एकदम वास आला. यंत्र बंद करून खालची कुट्टी हातात घेतली, तर कडब्याच्या बारीक तुकड्यांत करडे केस आणि शेपटीचा दोन बोटे लांब तुकडा होता. यंत्राच्या पात्याखालून मेलेला उंदीर गेला की तो संपूर्ण पाटीभर वैरणीत मिसळतो आणि नंतर तो वेचून काढता येत नाही. आम्ही ती पाटी आणि उरलेली सगळी गंज खड्ड्यात घातली. चाऱ्याची टंचाई असताना ते करताना वडिलांच्या डोळ्यांत पाणी होते, पण जनावरे वाचली.

तेव्हापासून आमच्याकडे पेंढी सोडून, झटकून, मगच यंत्रावर जाते. जुलै २०२१ च्या पुरानंतर तर आम्ही भिजलेल्या गोठ्यातील कोणतीही वैरण वापरली नाही.

कळंब्याजवळ

मला एक भीती विचारायची आहे. माझी आजी सांगत असे की प्लेगच्या साथीत आधी घरात उंदीर पडत आणि उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. ११ प्राणी ९ दिवसांत, हे वाचून तेच आठवले. अशी शक्यता आज कितपत आहे?

निवृत्त पशुवैद्य

आजींनी सांगितलेले अगदी खरे आहे आणि ती आठवण जपण्यासारखी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत तो दक्षिण महाराष्ट्रातही पसरला. आपल्याच राज्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावात, ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर पडल्याच्या नोंदीनंतर गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते आणि त्यापाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरतेची साथ आली. त्यामुळे प्रश्न विचारला, हे योग्यच केले.

मात्र या धाग्यातील चित्र वेगळे आहे. प्लेगमध्ये उंदीर थोड्या दिवसांत मोठ्या संख्येने, वस्तीतील अनेक घरांत मरतात. येथे एकाच गोठ्यात चार उंदीर संशयास्पद आहेत, बाकीच्यांची कारणे दिसत आहेत. तरीही एक सवय त्या काळापासून आजपर्यंत तितकीच उपयोगी आहे, ती म्हणजे मेलेल्या उंदराला उघड्या हाताने न शिवणे. उंदीर थंड झाला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे गरम शरीर शोधतात. अनेक घरांत एकाच वेळी उंदीर मरू लागले आणि कोणाला ताप येऊन जांघेत किंवा काखेत गाठ आली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

रोजच्या जीवनात मला याहून अधिक काळजी लेप्टोस्पायरोसिसची वाटते. त्याचे जंतू जिवंत उंदराच्या मूत्रातून पडतात, ओल्या जागी टिकतात आणि पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून माणसात शिरतात. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, अशी लक्षणे असतात. गाभण म्हशीत गर्भपात होऊ शकतो आणि दूध अचानक कमी होऊन पिवळसर किंवा रक्ताळलेले येऊ शकते. धागाकर्त्यांच्या दोन म्हशी गाभण आहेत, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे. गोठा धुताना गमबूट घालावेत आणि गर्भ टाकला गेल्यास तो किंवा वार उघड्या हाताने उचलू नये.

वाळलेला कडबा

कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी एक ओळ. उंदरांऐवजी कावळे, पारवे किंवा कोंबड्या एकामागून एक मरू लागल्या, तर स्वतः कारण शोधत बसू नये. देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्याच राज्यातील नवापूरची आहे, फेब्रुवारी २००६ मधील. पक्ष्यांना न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. १९६२ या क्रमांकावरही कळवता येते.

भोगावतीकाठ

सर्वांचे आभार. आज दिवसभर शोध घेतला. जे आढळले ते सांगताना मनाला त्रास होत आहे.

माळ्यावर, जुन्या पोत्यांच्या मागे, निळ्या वड्यांचे फाटलेले पाकीट मिळाले. चौकशी केल्यावर कळले की माझ्या चुलत भावाने तीन आठवड्यांपूर्वी त्या आणल्या होत्या. ऊस गेलेल्या तुकड्यात त्याने उन्हाळी भुईमूग टोकला आहे आणि पेरलेले दाणे उंदीर उकरून नेत होते. त्याने काही वड्या बांधावरील बिळांत घातल्या आणि उरलेल्या, मुलांचा हात पोचू नये म्हणून, माळ्यावर ठेवल्या. पाकीट उंदरांनी फोडले. त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते. वस्तीवर सांगितले नाही, एवढीच चूक झाली आणि तीच महागात पडली.

मुरघासाच्या एका पिशवीला खालच्या बाजूला लिंबाएवढे भोक होते. भोकापासून हातभर आत मुरघास पांढरा बुरशीचा आणि गरम लागत होता आणि त्यात एक उंदीर होता. ती संपूर्ण पिशवी आम्ही काढून टाकली. सुदैवाने ती अजून वापरायला घेतलेली नव्हती.

सर्वांत वाईट गोष्ट शेवटी लिहितो. माळ्याच्या मागच्या तुळईखाली गव्हाणी घुबड मेलेले मिळाले. आमच्या लहानपणापासून या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी असते. त्याचा पांढरा, बदामासारखा चेहरा खाली वळलेला होता आणि पंख अर्धवट उघडे होते. त्याच्याखाली नेहमीप्रमाणे केसांचे काळपट गोळे पडलेले होते. डोके नसलेला तो उंदीर मांजराचा असावा की घुबडाचा, हा विचार मी चार दिवस करत होतो. ज्याला मी चोर समजत होतो, तो माझा राखणदार होता.

पिंगळावेळ

वाचून फार वाईट वाटले. मी गेली काही वर्षे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांत घुबडांच्या जागा पाहत हिंडतो आणि रंगीत वड्या आल्यापासून अशा बातम्या वारंवार ऐकतो.

या पक्ष्याचे मराठी नावच गव्हाणीवरून आले आहे. इतका तो गोठ्याशी बांधलेला आहे. तो उंदीर बहुधा अख्खा गिळतो, त्यामुळे उंदराच्या यकृतात साठलेले सर्व विष त्याच्या पोटात जाते. विष खाल्लेला उंदीर मंद होतो, उघड्यावर येतो आणि म्हणूनच सर्वांत आधी तोच पकडला जातो. मांजर आणि कुत्रे यांचीही तीच गत होते. माळ्याखाली पडलेले गोळे ही विष्ठा नव्हे. न पचलेली हाडे आणि केस यांचा तो ओकलेला गोळा असतो. एक गोळा कोमट पाण्यात भिजवून, हातमोजे घालून, काडीने उसवून पाहावा. आत कवट्या मिळतात. उंदराच्या कवटीला पुढे नारिंगी, वाकडे दात आणि त्यांच्या मागे रिकामी जागा असते. चिचुंदरीच्या जबड्यात मात्र बारीक टोकदार दातांची सलग रांग असते. आपल्या गोठ्यात कोण किती आहे, याचा हिशेब त्या गोळ्यात मिळतो.

जोडीतील दुसरा पक्षी दिसतो का, ते कृपया पाहावे. रात्री लांबलचक, घसा खरवडल्यासारखा आवाज आला, तर तो आहे असे समजावे. घुबडाला अपशकुनी समजून हाकलणारे लोक अजूनही भेटतात, म्हणून सांगतो की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण दिलेले आहे.

काटेरी बाभळीवर उंदीर, सरडा किंवा टोळ टोचून ठेवलेला मिळाला, तर घाबरू नये. ते खाटीक पक्ष्याचे काम आहे. धागाकर्त्यांचा सरडा बाभळीखाली मिळाला होता का?

भोगावतीकाठ

होय, बाभळीखालीच. त्याच्या पोटात काट्याएवढे आरपार भोक होते. आपल्यामुळे तेही कळले.

कागल रस्ता

सर्वांचा आदर राखून एक मत मांडतो. घुबड, मांजर, नोंदवही हे सर्व ठीक आहे, परंतु ज्याच्या भुईमुगाचे दाणे रातोरात उकरले जातात, त्याने काय करावे? उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. विष न वापरता इतके उंदीर आवरत नाहीत. धागाकर्त्यांच्या भावाला दोष देणे मला पटत नाही.

निवृत्त पशुवैद्य

आपला प्रश्न रास्त आहे आणि भावाला दोष येथे कोणीच देत नाही. रानात विष वापरायचेच असेल, तर ते बिळात आणि ठरावीक दिवशीच वापरावे, हे माझे म्हणणे आहे. आदल्या संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच जिवंत बिळे. औषध फक्त त्यांत, आत खोलवर घालावे आणि तोंड बंद करावे. सर्व शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात केले तर उपयोग होतो. एकट्याने केले तर शेजारच्या रानातील उंदीर पंधरा दिवसांत रिकामी बिळे भरून काढतात. झिंक फॉस्फाइड वापरणारे आधी दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य ठेवतात, कारण एकदा पोट बिघडून वाचलेला उंदीर त्या धान्याला पुन्हा तोंड लावत नाही. त्यानंतर रोज सकाळी फिरून मेलेले उंदीर वेचावेत. हे शेवटचे काम कोणी करत नाही आणि घुबडे मरतात ती त्यामुळेच.

गोठ्यात आणि वैरणीच्या खोलीत मात्र कोणतेही विष नको, याबाबतीत मी तडजोड करणार नाही. तेथे पिंजरे आणि चाप वापरावेत, भिंतीला लागून ठेवावेत, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच धावतो. चिकट पुठ्ठे वापरू नयेत. त्यावर पाली, चिमण्या आणि चिचुंदऱ्या तडफडून मरतात. पेंड आणि आंबोणाचे धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे. पोती जमिनीपासून फूटभर उंच फळीवर आणि भिंतीपासून वीतभर दूर असावीत, म्हणजे मागे मांजर जाऊ शकते.

मेलेले प्राणी उचलण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. हातमोजे घालावेत. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे द्रावण प्राण्यावर आणि आजूबाजूला ओतून पाच मिनिटे थांबावे. कोरड्या झाडूने झाडू नये, धूळ उडते. प्राणी पिशवीत घालून, विहिरीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावा. विषाचा संशय असलेला प्राणी उकिरड्यावर टाकणे म्हणजे तो पुढच्या जनावराच्या ताटात वाढणे होय.

परड्यातली

हौदाबद्दल एक छोटी सूचना. आमच्या हौदात आम्ही खडबडीत लाकडी फळी तिरकी टेकवून ठेवली आहे, तिचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असते. पडलेला उंदीर, खार किंवा चिमणी तिच्यावरून वर येते. फळी लावल्यापासून हौदात एकही प्राणी मेलेला मिळालेला नाही आणि म्हशींना स्वच्छ पाणी मिळते.

भोगावतीकाठ

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

निळ्या वड्या भावाने स्वतः वेचून काढल्या, माळा धुतला आणि उरलेले पाकीट पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवले. भुईमुगासाठी त्याने शेजारच्या चार शेतकऱ्यांना बोलावून बिळे बुजवण्याचे काम एकाच दिवशी केले. ४० पेक्षा जास्त बिळे बुजवली, त्यांतील १३ दुसऱ्या दिवशी उकरलेली होती. वैरणीच्या खोलीत पाच पिंजरे आहेत. पेंड पिंपात गेली. हौदात फळी आहे.

पहिल्या दहा दिवसांत आणखी तीन उंदीर मेलेले मिळाले, ते सर्व डॉक्टरांनी सांगितले तसे पुरले. त्यानंतर जखम नसलेला एकही मिळालेला नाही. मांजराने दोन चिचुंदऱ्या पायरीवर आणल्या, त्या आता मी ओळखतो. गाभण म्हशींपैकी एक परवा सुखरूप व्याली, रेडी झाली.

जोडीतील दुसरे घुबड बरेच दिवस दिसले नाही. गेल्या सोमवारी धारेला उठलो तेव्हा माळ्यावरून तो खरवडल्यासारखा आवाज आला. बॅटरी लावली नाही. सकाळी तुळईखाली एक ताजा गोळा होता, अजून ओलसर आणि चकचकीत. मुलांना सोबत घेऊन तो वाटीत भिजवला. त्यात नारिंगी दातांच्या तीन कवट्या आणि टोकदार दातांचा एक जबडा निघाला. मोठ्या मुलीने ते चारही कागदावर ओळीने मांडले आणि वहीत त्या दिवसाच्या तारखेसमोर तिच्या अक्षरात लिहून ठेवले.